फॉलोअपची ओपीडी : चार स्टार, पाचवा माइकवाल्यामुळे गेला

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीपण आहेत. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या फॉलोअपला दीड वर्षात माझ्या सहा खेपा झाल्या.

नंबर सकाळी सातला लावायचा, आत जायला दीड वाजतो. पंख्याखालची बाकडी नातेवाइकांनी धरलेली. आणि काउंटरवरचा माणूस माइकवरून ओरडतो, "पिशवीवाल्या बायका, इकडे या!" अख्खा हॉल वळून बघतो. एक स्टार त्याचाच कापलाय.

पण आतल्या डॉक्टर मॅडमसाठी मी परत परत जाईन. तिसऱ्या खेपेला धीर करून विचारलं, "परत येईल का हो?" शेक (रेडिएशन) घेतले त्या गावी याचं उत्तर "चांगला विचार करा" एवढंच मिळालं होतं. मॅडमनी माझीच फाइल उघडली आणि एकेका ओळीवर पेन टेकवत गेल्या. स्टेज 2बी, म्हणजे पिशवीच्या बाजूला पसरलेला. गाठ 5 सेंटिमीटरची. 4 च्या वर असली की धोका जास्त. हिमोग्लोबिन सुरुवातीला 8, तेही चांगलं नव्हे. एमआरआयमध्ये लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर पसरतो त्या आजूबाजूच्या बारीक गाठी, मात्र साफ, ही मोठी जमेची बाजू. मग शेकाचं कार्ड. बाहेरून 25 वेळा, आतून 4 वेळा, सगळं 8 आठवड्यांत उरकायला हवं. माझे 63 दिवस झालेले. थोडे दिवस तिथलं मशीन बंद होतं, आणि दिवाळीला चार दिवस मीच दांडी मारली. त्या सुट्ट्याही हिशोबात धरतात हे तिथे कुणी बोललंच नव्हतं! मॅडम रागावल्या नाहीत. "झालं ते झालं. आता तपासणी चुकवू नका. तंबाखू?"

"मिश्री. सकाळी एकदाच."

"तीही बंद."

परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, म्हणून सध्या दर तीन महिन्यांनी बोलावतात. मधेच रक्त गेलं, वास मारणारं पाणी जायला लागलं, कंबरदुखी थांबेना किंवा एकाच पायाला सूज आली, तर तारखेची वाट बघायची नाही, सरळ यायचं.

शेकानंतर खालची वाट आवळते, आतून तपासणंही अवघड होतं. ती वाट मोकळी ठेवायची कांडी कशी वापरायची ते सिस्टरनी दार लावून, न लाजता समजावलं. फक्त हे चौथ्या खेपेला. पहिल्याच खेपेला सांगायचं ना, बाई!

जाणाऱ्यांनी एमआरआयची जुनी फिल्म आणि घरचा डबा न्यावा. कँटीनमधले वडे साडेबाराला संपतात.

मी शिवणकाम करते. दर एक तारखेला दोन्ही पोटऱ्या टेपने मोजून कॅलेंडरवर लिहिते. मॅडमना दाखवलं तर हसल्या, पण आकडे केसपेपरवर उतरवून घेतले. या महिन्यात डावी साडेतेरा इंच, उजवीपण साडेतेरा.