एक्सबॉक्सची एक्सआर चाचणी-यादी: फुकट आहे, कामाची आहे, पण मेनूवर बसून तपासू नका

एक्सबॉक्सवर गेम काढायचा तर सर्टिफिकेशन, म्हणजे विक्रीआधीची अधिकृत तपासणी, चुकत नाही. तिथे काय काय तपासतात, ते मायक्रोसॉफ्टने उघड मांडून ठेवलंय: एक्सबॉक्स रिक्वायरमेंट्स, म्हणजे एक्सआर, आणि प्रत्येक नियमाखाली टेस्ट केसेस, म्हणजे तो कसा तपासायचा त्याच्या पायऱ्या. सोनीची टीआरसी ही नियमांची यादी किंवा निन्टेन्डोच्या लॉटचेक या तपासणीचे नियम नोंदणी केलेल्या डेव्हलपरलाच मिळतात, तेही गोपनीयतेच्या अटीवर. त्या मानाने ही चैनच.

भाषा नेमकी आहे, पायऱ्या वाचून थेट काम सुरू करता येतं. क्रमांकांची मात्र गंमत आहे. ते सलग नाहीत. मधले कुठे गेले म्हणून नवखा शोधत बसतो. क्रमांकाचा महत्त्वाशीही संबंध नाही. आमच्या मते ११५, ११२ आणि ०७४ आधी उरकावेत, कारण त्यांच्या दुरुस्त्या कोडच्या मुळाशी जातात.

११५ म्हणजे खेळ चालू असताना कंट्रोलर किंवा युजर जाणं-येणं. बहुतेक टीम लेव्हल चालू असताना कंट्रोलरची बॅटरी काढतात, पॉज स्क्रीन येते, टिक करून मोकळ्या. बॅटरी काढायची ती लोडिंग चालू असताना, कटसीनमध्ये (मधल्या चित्रफितीत), सेव्हचं चिन्ह फिरत असताना आणि निकालाच्या स्क्रीनवर. पॉजचा कोड सहसा प्रत्यक्ष खेळाच्या स्टेटमध्येच, म्हणजे गेमच्या त्या अवस्थेतच, चालू असतो. लोडिंगमध्ये डिस्कनेक्टचा इव्हेंट, म्हणजे कंट्रोलर तुटल्याची सूचना, येतो तेव्हा तो ऐकणारं कुणीच नसतं. लोडिंग संपतं, शत्रू धावून येतात आणि हातातला कंट्रोलर बंद. उपाय सोपा आहे: इव्हेंटवर विसंबू नका, स्टेट बदलताना दरवेळी कंट्रोलरची स्थिती पुन्हा विचारा.

११२ सुरुवातीच्या आणि रिझ्यूमनंतरच्या, म्हणजे थांबवलेला गेम पुन्हा सुरू केल्यानंतरच्या, युजरबद्दल आहे. गेम सस्पेंड करा (मध्येच थांबवून ठेवा), होममध्ये जाऊन साइन-आउट करा, दुसऱ्या प्रोफाइलने परत या. सुरुवातीला पकडलेला युजर कोडने तसाच धरून ठेवला असेल, तर एकाचं सेव्ह दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसतं. हे शेवटच्या आठवड्यात सापडलं की रडायची वेळ येते.

०७४ म्हणजे ऑनलाइन सेवांशी जोडणी तुटणं; त्यासाठी नुसती केबल उपटून भागत नाही. केबल राहू द्या आणि राउटरचं इंटरनेट तोडा. कन्सोलला नेटवर्क दिसतं, पण सर्व्हर उत्तर देत नाही; टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) घातला नसेल तर गोल चक्र फिरतच राहतं. खेळाडूला स्पष्ट संदेश आणि परत फिरायची वाट मिळायला हवी.

बाकीचे पटकन. ०५५: मूळ गेमला किमान १० अचीव्हमेंट्स (खेळाडूला मिळणारी बक्षीस-चिन्हं), त्यांचे एकूण गुण १०००, आणि प्रत्येक खरोखर मिळवता आली पाहिजे. ०२२: बटणांची नावं ‘मेनू’ आणि ‘व्ह्यू’, एखाद्या भाषांतरित फाइलमध्ये ‘स्टार्ट’ हमखास राहून गेलेलं असतं. ००१: क्रॅश आणि हँग नकोत, गेम पॉजवर आणि टायटल स्क्रीनवर रात्रभर सोडा, हळूहळू गळणारी मेमरी सकाळी दिसते.

यादीची मर्यादाही ओळखून असा. ती गेम कन्सोलवर नीट वागतो का ते विचारते, चांगला आहे का ते नाही. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम सर्टिफिकेशनमधून पुढे जाऊन १० डिसेंबर २०२० रोजी आला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. परतला तो जून २०२१ मध्ये. फ्रेमरेट आणि बग्ज यांची तपासणी तुमची तुम्हालाच करावी लागते.

वापरताना दोन पथ्यं. तपासणी पॅकेज केलेल्या बिल्डवरच, म्हणजे खेळाडूला मिळेल तशा बांधलेल्या आवृत्तीवरच, करा. सुट्या फाइल्सवर लोडिंगचा वेग वेगळा पडतो, आणि डेव्ह किटमध्ये (डेव्हलपरसाठीच्या खास कन्सोलमध्ये) मेमरी जास्त असल्याने मेमरी संपून होणारे क्रॅश झाकले जातात. दुसरं, स्क्रीन रेकॉर्डिंग सतत चालू ठेवा. प्रत्येक नापास नोंदीत बिल्ड क्रमांक, नेमकी स्क्रीन, पायऱ्या आणि ‘१० पैकी ३ वेळा’ असं प्रमाण लिहा. ‘कधीकधी होतं’ एवढंच लिहिलं, तर प्रोग्रामर ती नोंद हमखास बंद करून टाकतो.