एकशे तीस तास खेळले, तरी सिरी भेटली नाही

आठ महिन्यांपूर्वी 'द विचर ३: वाइल्ड हंट' हा कॉम्प्युटर गेम घेतला. दोन्ही विस्तारांसकटची पूर्ण आवृत्ती, तीही सवलत लागेपर्यंत थांबून. मी कुठलाच गेम पूर्ण किमतीला घेत नाही, आणि एकदा घेतला की पै न्‌ पै वसूल होईपर्यंत सोडत नाही.

पाचव्या महिन्यात कॉम्प्युटरची डिस्क गेली. सगळ्या सेव्ह फाइल्स तिच्यावरच होत्या. खात्यात लॉगिन केलं की प्रगती ऑनलाइन साठवली जाते, २०२२ च्या अपडेटपासून ती सोय आहे. मी ती कधी चालूच केली नव्हती. १३० तासांचा खेळ गेला. (तुम्ही लॉगिन केलं नसेल तर आधी ते करा, मग पुढचं वाचा.) दोन दिवस चिडचिड झाली. तिसऱ्या दिवशी कळलं की खरी बोच गेलेल्या तासांची नाहीच. १३० तासांत मला सिरी सापडलीच नव्हती.

ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना यातली गोम लगेच कळेल. सगळी कथा त्या मुलीच्या शोधाची आहे. तिच्यामागे वाइल्ड हंट ही भुतासारख्या घोडेस्वारांची टोळी लागलीय. आपण गेराल्टच्या रूपात खेळतो, तो 'विचर', म्हणजे मोबदला घेऊन राक्षस मारणारा. त्याने जिला लेकीसारखं वाढवलं तिला तो गावोगाव शोधतोय. मधूनमधून तिच्या आठवणींचे छोटे भाग आपण तिच्या रूपात खेळतो, पण प्रत्यक्ष भेट होते ती 'आइल ऑफ मिस्ट्स' या बेटावर. माणसं पूर्ण कथाच साधारण पन्नासेक तासांत संपवतात. मी १३० तासांनंतरही गेममधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात पिंपं उघडत होते.

तर आता त्या पिंपांबद्दल. लढाई, ग्राफिक्स, ग्वेंट (गेममधला पत्त्यांचा डाव) यांवर भरपूर लिहून झालंय. माझं भांडण नकाशावरच्या प्रश्नचिन्हांशी, म्हणजे अजून न पाहिलेल्या ठिकाणांच्या खुणांशी आहे, आणि त्यातही स्केलिगेच्या.

वेलेन या दलदलीच्या मुलखात प्रश्नचिन्हापाशी निदान वेगवेगळं काहीतरी निघतं: लुटारूंचा तळ, राक्षसाचं घरटं, शक्तिस्थान, एखादा कैदी. स्केलिगेच्या समुद्रात बहुतेक ठिकाणी तस्करांनी दडवलेला मालच निघतो. होडी हाकत जायचं, सायरन (पंखवाल्या जलराक्षसिणी) अंगावर आल्या की क्रॉसबोने पाडायच्या, उडी मारायची, पिंपं उघडायची, पुन्हा होडीत चढायचं. आत तीच तलवार, तीच ढाल, तेच भंगार. ते उचललं की वजनाची मर्यादा ओलांडते आणि गेराल्टला धावता येत नाही. मग बंदर गाठून ते विकायचं, तर दुकानदाराकडे पुरेशी नाणी नसतात. अशी डझनावारी ठिकाणं आहेत, आणि मी एकही सोडत नव्हते. रानात चकवा लागलेलं माणूस फिरून त्याच झाडाशी येतं, तशी मी रोज रात्री त्याच पाण्यात.

बरं, एवढं करून मिळतं काय? हाताला लागलेली तलवार तुमची लेव्हल दोन-तीन पायऱ्या वाढली की निकामी. विचर शाळांची आयुधं (ग्रिफिन, कॅट, बेअर, वुल्फ) आराखडे शोधून घडवून घेतली की त्यांच्यापुढे हा माल कशालाच लागत नाही. अनुभवाचे गुणही मुख्यतः कामगिऱ्यांमधून येतात, पिंपांतून नाहीत. हे सगळं मला पन्नासाव्या तासालाच दिसत होतं. पण पैसे मोजलेत, मग अर्धा नकाशा न बघता कसा सोडायचा? इथे माझी काटकसर आडवी आली, आणि गेमनेही तिला खतपाणी घातलं. गावातला सूचनाफलक वाचला की नकाशावर आणखी प्रश्नचिन्हं उगवतात. ज्याला काही अर्धवट ठेवणं जमत नाही त्याला हे सापळ्यासारखं आहे.

त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर मी सरळ 'घेऊ नका' म्हटलं असतं.

मत बदललं ते पुस्तकांमुळे. कॉम्प्युटर दुरुस्तीला होता तेव्हा आंद्रेय सापकोव्स्कींच्या मूळ कथा इंग्रजीत वाचायला घेतल्या. गेराल्टची पहिली कथा १९८६ मध्ये पोलंडच्या 'फान्तास्तिका' मासिकात आली होती. त्या कथांमधला गेराल्ट जवळजवळ कायम कफल्लक असतो. गावात येतो, सूचना वाचतो, मोबदल्याची घासाघीस करतो, काम करतो आणि चालू लागतो. वाटेतली प्रत्येक गुहा तो पालथी घालत नाही. कुणी बोलावलं, कुणाच्या दारात संकट उभं राहिलं, की तो तिकडे वळतो. बहुतेक वेळा त्याच्या गळ्यात दोन वाईट पर्यायांमधली निवड पडते आणि त्याचे व्रण घेऊन तो पुढे जातो.

वाचता वाचता जाणवलं की गेम हेच सांगत होता. कामाची घासाघीस त्यात आहे, फार ताणलं तर गिऱ्हाईक वैतागतं हेही आहे. मी मात्र ते सगळं पटापट पुढे ढकलून पिंपांकडे पळत होते.

नवी डिस्क बसल्यावर एकच नियम करून पुन्हा सुरुवात केली: कुणी पाठवलं तर जायचं, नाहीतर डोळ्यांना दिसलं तर जायचं. डिसेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये नकाशाला एक साधा फिल्टर दिलाय, त्यात प्रश्नचिन्हं आणि होड्यांची चिन्हं मुळातच लपलेली असतात. पहिल्या खेपेला पहिल्याच दिवशी मी तो बदलून 'सर्व' करून ठेवला होता. म्हणजे बनवणाऱ्यांनी माझ्यासारख्यांची सोय आधीच केली होती, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्याच अपडेटमुळे कोपऱ्यातला छोटा नकाशाही आपोआप लपवता येतो, लढाईत किंवा विचरची नजर वापरताना तेवढा दिसतो. तेही चालू केलं.

आणि गेम दुसराच झाला. अतिशयोक्ती नाही.

(इथून पुढे कथा फुटते. सिरी भेटेपर्यंत खेळला नसाल तर इथेच थांबा.)

वेलेनमधली कुजबुजणारी टेकडी घ्या. तिथे झाडाच्या मुळांत एक आत्मा अडकलेला असतो, त्याला सोडायचं की मारायचं हे आपण ठरवतो. पहिल्या खेपेला भटकत असताना ही टेकडी लागली, आणि दलदलीतली अनाथ पोरं किंवा तिथल्या तीन चेटकिणी भेटण्याआधीच मी तिचा निकाल लावून टाकला होता. काय ठरवलं तेही आता आठवत नाही, इतकं ते बिनवजनाचं होतं. दुसऱ्या खेपेला आधी वेलेनवर सत्ता गाजवणारा बॅरन भेटला. दारू पिऊन बायकोला मारणारा, आणि आता ती आणि मुलगी दोघी निघून गेल्यावर कोसळलेला. त्याच्या न जन्मलेल्या लेकराचं भूत झालेलं, ते त्यालाच हातावर घेऊन अंधारातून चालायला लागतं. मग दलदलीतली पोरं भेटली, त्यांची आजी भेटली. आणि मग टेकडी. गेमपॅड खाली ठेवून मी बराच वेळ नुसती बसले होते.

चेटकिणींपासून पोरं वाचवायची म्हणून आत्म्याला सोडलं. पोरं वाचली. आजी म्हणजेच बॅरनची बायको अ‍ॅना, ती गेली. नंतर बॅरनच्या गढीच्या, क्रोज पर्चच्या अंगणात शिरले तर झाडाला बॅरनचा देह लटकत होता. या माणसाबद्दल वाईट वाटावं की नाही हे गेम सांगत नाही, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. पुस्तकांवरून केलेल्या कामात मला हेच हवं असतं. बॅरन पुस्तकात नाही, तो गेमवाल्यांनीच लिहिलाय, पण सापकोव्स्कींच्या कथांशेजारी ठेवला तर परका वाटत नाही.

पुस्तकं आधी वाचलेले काही खेळाडू येनेफर-ट्रिसवरून (या दोन जादूगारिणींपैकी गेराल्टची जोडीदार आपण निवडतो) तक्रार करतात: येनेफर सोडून दुसऱ्या कुणाला निवडायची मुभाच नको होती. मला ती तक्रार पटते, पण माझी झोप त्याने उडत नाही. लढाईत टाळणं आणि लोळणं यांवरच सगळं बेतलंय, हा आक्षेपही रास्त आहे. नव्या अपडेटमुळे गेमपॅडवरून 'साइन्स', म्हणजे गेराल्टचे मंत्र, झटपट टाकता येतात, त्याने तो थोडा कमी झाला. गेराल्टची घोडी रोच अजूनही कुंपणाशी अडते. ग्वेंटचं वेड मला लागलं नाही.

दुसऱ्या खेपेतही स्केलिगेला पोचले. समुद्र तोच. होडीतून जाताना डावीकडे पाण्यावर पिंपं तरंगताना दिसली, वर सायरन घिरट्या घालत होत्या. माझा नियम होता, डोळ्यांना दिसलं तर जायचं, म्हणजे जायला हरकत नव्हती. पण येनेफर किनाऱ्यावर वाट बघत होती आणि उमा नावाच्या एका विद्रूप जीवाच्या शापाचा धागा नुकताच हाती आला होता. त्यातूनच सिरीचा माग लागणार होता. मी होडी वळवली नाही. पुढे केअर मॉर्हेन या विचरांच्या किल्ल्यात उमाचा शाप उतरला, त्यातून सिरीचा सोबती असलेला एल्फ जादूगार अवॅलॅक निघाला आणि त्याने धुक्यातून वाट दाखवायला एक जादूचा काजवा दिला.

आइल ऑफ मिस्ट्सवर काही दिसत नाही. पांढरं धुकं आणि पुढे तो एक ठिपका. झोपडीच्या दाराशी पोचले तर आतले बुटके दार उघडेनात. हरवलेले सोबती शोधून आणा, मग बघू. पहिल्या खेपेच्या सवयीने मी वैतागले असते. या वेळी त्यांना एकेक करून शोधलं, कारण आत कोण आहे ते कळलं होतं. मग दार उघडलं. गेराल्ट आत जातो, खाटेवर सिरी निपचित पडलेली असते. तो तिच्याशेजारी बसतो, तिला जवळ घेतो, आणि काजवा तिच्या अंगात विरतो. बराच वेळ कुणी काही बोलत नाही. ती डोळे उघडते तोवर माझ्या खेळाचे एकसष्ट तास झाले होते.