टेन्शन आलं की आधी काय, प्रॉब्लेम सोडवायचा की मन सांभाळायचं?

आपल्या सोलापुरात टेन्शन आलेल्या माणसाला दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे बसून काय होणारे, हातपाय हलव, आणि दुसरा म्हणजे सिद्धेश्वर तलावाकडं एक चक्कर मारून ये, बरं वाटेल. दोन्ही खरे आहेत, फक्त कुठला कधी हे कळलं पाहिजे.

रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये हे नीट मांडलंय. काहीही झालं की मन आधी बघतं यात माझं काय जाणारे, आणि मग बघतं माझ्या हातात काय आहे. म्हणून टॉवेलची ऑर्डर थांबली की डोक्यावर कर्ज असलेला कारखानदार पार खचतो आणि शेजारचा, ज्याच्याकडं चार पैसे शिल्लक आहेत, तो नवीन गिऱ्हाईक शोधायला लागतो, मंदी दोघांना सारखीच.

आता हातपाय हलवणं कधी? जिथं काहीतरी बदलू शकतं तिथं. हप्ता थकणार हे दिसतंय तर थकायच्या आधी बँकेत जाऊन बोला, तेव्हा मुदत वाढवून मिळायचा चान्स जास्त असतो. पण एमपीएससीचा पेपर देऊन झालाय आणि पोरगं रोज उत्तरं जुळवत बसलंय तर त्यानं निकाल बदलत नाही, झोप तेवढी जाते.

तिथं मन सांभाळायचं, म्हणजे चालणं, देवाला जाणं, मित्राशी मोकळं बोलणं. पण दारू, मावा, बँकेचा फोन न उचलणं हे पण मन सांभाळण्यातच मोडतं आणि त्या रात्रीपुरतं तितकंच हलकं वाटतं, सकाळी हप्ता तिथंच असतो, त्यामुळं माझ्या मते हे एका रांगेत धरूच नये.

खरं तर एकच निवडायची गरज क्वचितच पडते. लाझारस आणि फोकमन यांच्याच १९८० च्या अभ्यासात ९८ टक्के प्रसंगांत लोकांनी दोन्ही वापरलं होतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते कधी सोडणार हे आपल्या हातात नाही, बॅरल भरून ठेवणं आहे, तसं प्रत्येक काळजीचे दोन भाग करून बघा. डोकं इतकं गच्च झालं असेल की फोनही लावता येत नाही तर आधी अर्धा तास शांत व्हा, मग लावा.

आणि झोप, जेवण बरेच दिवस बिघडलंय किंवा जगणंच नको वाटतंय, तर हा हिशोब करत बसू नका, घरात कुणाला तरी सांगा आणि सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.