तटबंदीतले रेवदंडा : ठाण्याहून एका दिवसाची सहल
ठाण्यातील एका सहल-संयोजकाबरोबर आम्ही रेवदंड्याला गेलो. पोर्तुगीजांनी उभारलेल्या आणि १७४० साली मराठ्यांच्या हाती आलेल्या या कोटाच्या तटाआत आजही नारळी-पोफळीच्या वाड्या आणि नांदती घरे आहेत, त्यामुळे ओसाड किल्ला पाहण्यापेक्षा हा अनुभव निराळा ठरतो. मार्गदर्शकांनी पडक्या चर्चचा सातखणी मनोरा निगुतीने समजावून सांगितला; पुढे कोर्लई गावात पोर्तुगीजमधून उपजलेली आणि मराठीची छाप असलेली बोली, जिला तिथले लोक ‘नौ लिंग’ म्हणतात, ती कानांवर पडली, हे तर अनपेक्षित दान होते. मात्र तीन हात नाक्यावरून गाडीच पाऊण तास उशिरा निघाल्याने तटावरची फेरी घाईत उरकावी लागली. जेवण साधे होते. सोलकढी तेवढी दुसऱ्यांदा मागून घेतली.