धरमपेठेतील तालमीची खोली: बँडच्या दृष्टीने एक परीक्षण

नागपुरात बँडची तालीम म्हणजे कुणाची तरी गच्ची किंवा रिकामा गाळा, आणि तोही शेजाऱ्यांचा संयम टिकेपर्यंत. धरमपेठेत तासाच्या भाड्याने मिळणारी आवाजबंद खोली सुरू झाल्यापासून आमच्या बँडची बहुतेक जडणघडण तिथेच झाली असल्यामुळे हे परीक्षण खोलीचे असले, तरी त्यात आमच्या वाजवण्याचा हिशेबही येणार आहे.

आम्ही जमलो होतो कॉलेजच्या गॅदरिंगपुरते, हिंदी रॉक गाणी जशीच्या तशी वाजवायला. या खोलीत गिटारचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारे यंत्र) दणकट आहे, बेसचा, म्हणजे जाड सुरांच्या गिटारचा, मात्र लहान आणि खालच्या सुरांत भरभरणारा. त्यामुळे आमच्या बेसवादकाला स्वतःचे वाजवणे ऐकू येण्यासाठी वरच्या सुरांकडे सरकावे लागले आणि हळूहळू गाण्याची चालच बेसकडे गेली. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या रॉक बँडमध्ये बेसवादक पीटर हूकच्या बाबतीत नेमके हेच घडले होते, आणि पोस्ट-पंकमधला (पंक रॉकनंतरचे संगीत) त्याचा तो ओळखीचा बेस अशा अडचणीतूनच आला. तरीही बेसचा अ‍ॅम्प बदलावा, अशी मालकांना विनंती आहे. प्रत्येक बँडला असल्या अडचणीचा फायदा होईलच असे नाही.

पुढे गिटारवादक नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्या जागी दुसरा गिटारवादक न घेता आम्ही वरातीत डफडे वाजवणाऱ्या एका काकांना बोलावले. खोलीची खरी परीक्षा इथे झाली. कूलरच्या दमट हवेत डफड्याचे कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. येथे एसी असल्याने मे महिन्यातही तो प्रश्न आला नाही. पावसाळ्यात मात्र कातडे तापवावेच लागते, आणि बंद खोलीत जाळ करणे शक्य नसल्यामुळे मालकांनी बाहेरच्या व्हरांड्यात विजेची शेगडी लावून दिली. काका डफडे तिच्यावर धरून बोटाने टिचकी मारत, सूर चढला की आत येत आणि दोन गाण्यांनंतर पुन्हा बाहेर जात. त्या मोकळ्या वेळात ड्रम आणि बेस एवढेच वाजत राहिल्यामुळे आमच्या गाण्यांत लांब, रिकामे भाग तयार झाले, ते आम्ही तसेच ठेवले.

ध्वनिमुद्रणाची सोय साधी आहे, पण खोली कोरडी, म्हणजे आवाज न घुमणारी, असल्याने ती उपयोगी पडते. ध्वनिमुद्रण निर्माता मार्टिन हॅनेटने १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत जॉय डिव्हिजनचा पहिला अल्बम करताना ड्रमचे आवाज एकमेकांपासून शक्य तितके वेगळे ठेवले होते आणि प्रतिध्वनी यंत्राने हवा तिथे घातला होता. अशा कामाला भिंतींचा घुमारा चालत नाही, कारण मुद्रणात शिरलेला घुमारा नंतर पुरता काढता येत नाही. येथे प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते; फक्त एसीची घरघर डफड्याच्या माइकमध्ये शिरते, म्हणून मुद्रणापुरता तो बंद ठेवावा लागतो आणि उन्हाळ्यात ते काम सकाळीच उरकावे लागते.

ड्रमच्या संचातल्या क्रॅश सिंबलला (मोठ्या झांजेला) तडा गेला आहे, तेव्हा ड्रमरने स्वतःचे सिंबल आणावे. गणेशोत्सवापासून नवरात्रापर्यंत संध्याकाळच्या वेळा ऑर्केस्ट्रावाले आधीच अडवून ठेवतात. नव्या बँडने त्या दिवसांत दुपारची वेळ मागावी, ती सहसा मिळते.