मनसरची हिडिंबा टेकडी: रामटेकला जाता तर इथंही थांबा ना भाऊ

नागपूर-जबलपूर हायवेवरून रामटेकला वळणारी पब्लिक मनसरला चहा मारते अन् सरळ गडावर निघून जाते. हिडिंबा टेकडी तिथून अगदी जवळ आहे, तलावाच्या काठाला, पण तिकडं काहून कोणी वळत नाही देव जाणे. आमच्या तालुक्यातलेच कितीतरी लोक अजून तिथं गेले नाहीत.

दुरून पाहिलं तर साधी टेकडी वाटते. वर चढायला लागलं की विटाच विटा. पाचव्या शतकातलं वाकाटक राजघराण्याचं बांधकाम आहे हे, दुसऱ्या प्रवरसेन राजाच्या काळातलं. त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं आधी मानत होते, पण 1997-98 पासून इथं खोदकाम झालं, 'प्रवरेश्वरस्य' (म्हणजे 'प्रवरेश्वराचं') असं लिहिलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्या, अन् बऱ्याच अभ्यासकांचं मत मनसरकडं झुकलं. कोणी याला स्तूप म्हणते, कोणी शिवाचं देऊळ, यावर वाद चालूच आहे अन् गावात विचारलं तर दोन्ही बाजूचे लोक भेटतात, आपण दोघांचंही ऐकून घ्यायचं.

मला सगळ्यात भारी वाटल्या त्या विटा. पोरीनं वीत लावून पाहिली, दोन वीत भरूनही वीट उरलीच. लांब, रुंद अन् चपट्या. उतारावर विटांचे खण करून त्यात माती भरली आहे, म्हणजे एवढ्या वजनानं टेकडी घसरू नये याची सोय. आमच्या घराच्या मागची आवारभिंत तीन पावसाळ्यांत वाकली, अन् हे पंधराशे वर्षांपासून उभं आहे बाप्पा! इथं चुन्यात बनवलेली माणसाची आकृतीही सापडली होती, बळीचं प्रतीक असावं असं काही जण म्हणतात, ते ऐकून बायको म्हणाली चला आता खाली.

खाली उतरल्यावर राजवाडा म्हणतात तो भाग सोडू नका, बहुतेक लोक टेकडीवर फोटो काढून तिथूनच पळतात. भिंतींचे पायवे तेवढे उरले आहेत, पण खोल्या कशा असतील त्याचा अंदाज येतो. प्रभावतीगुप्ता, म्हणजे गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची पोरगी अन् या प्रवरसेनाची माय, नवरा गेल्यावर पोरं लहान असताना हिनंच राज्य सांभाळलं. हे सगळं घरूनच वाचून जा, नाहीतर नुसत्या विटा पाहून याल. 1972 मध्ये मनसरला मिळालेली लाल दगडाची शिवाची मूर्ती तर दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, आपल्याला पाहायची तर दिल्ली गाठा, आता काय बोलावं.

उन्हाळ्यात अजिबात जाऊ नका, वर सावली नाही, विटा तापून राह्यतात अन् पोरं रडायला लागतात. दिवाळीच्या आसपास गेलं तर तलावही भरलेला असते अन् हिरवळही असते. पाणी सोबत घ्या, बूट घाला, पावसानंतर विटांवर शेवाळ असते तिथं जपून. म्हाताऱ्या माणसांना चढण जड जाईल, त्यांना खालीच बसवा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो विटांवर बदाम काढून नावं कोरणाऱ्या जोड्यांसाठी.