गवताचं छप्पर की दगडी कौलं?

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या चिपिंग कॅम्पडनपासून दोनेक मैलांवरचं एब्रिंग्टन हे मधाच्या रंगाच्या दगडाचं, किमती ऐकून घाम फुटावा असं गाव. घर बघत फिरताना गवताने शाकारलेली कॉटेजेस दिसतात आणि दगडी कौलांचीही. जुन्या घरांपैकी बरीच ग्रेड दोनच्या, म्हणजे जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतली असतात. तेव्हा ‘आत्ता गवत घेऊ, पुढे कौलं घालू’ हा विचार सोडा. परवानगीशिवाय असा बदल करणं फौजदारी गुन्हा आहे.

गवताच्या घराचा मोह समजतो. माळ्यावरची खोली जुलैतही गार राहते. पन्हळ मात्र नसते, पागोळ्या थेट जमिनीवर पडतात आणि पायथ्याची भिंत ओल धरते. वॉटर रीडचं, म्हणजे पाणथळीतल्या बोरूचं छप्पर साधारण २५ ते ४० वर्षं टिकतं, गव्हाच्या काडाचं त्याहून कमी. आढ्यावरचा गवताचा थर मात्र दर १०-१५ वर्षांनी नव्याने बांधावा लागतो. एवढं एकवेळ चालवून घेता येईल.

माझं गाडं अडलं ते धुराड्यापाशी. काडाचं छप्पर नवं करताना अनेकदा वरचाच थर काढून त्यावर नवा चढवतात. शतकभरात जाडी वाढत जाते आणि धुराड्याचा बराच भाग गवतात बुडतो. लाकडाची शेगडी पेटली की विटांची उष्णता तिथेच कोंडते. सांध्यातला चुना झडलेला असेल तर आतल्या आत धुमसायला लागतं, ज्वाळा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून विमावाल्यांच्या अटी: काजळी वर्षातून बहुधा दोनदा काढा, ओलावा २० टक्क्यांखालचंच लाकूड जाळा. धुराडं आढ्यापेक्षा किमान १.८ मीटर उंच असावं, असंही सुचवतात. थंडीत शेगडी पेटवायची आणि कान छपराकडे लावून बसायचं, हे निदान मला तरी जमण्यासारखं नव्हतं.

दगडी कौलंही निर्धोक नाहीत. वळचणीला मोठी, आढ्याकडे लहान होत जाणारी ही कौलं ओकच्या खुंट्यांवर टांगलेली असतात. खुंटी कुजली की कौल घसरतं. पण तेवढं एकच काढून बसवता येतं. वजन प्रचंड, त्यामुळे वासे वाकलेले निघतात. खर्च खरा तिथे.

गवतच हवं असेल तर अडवणार नाही. फक्त सौदा करण्याआधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढा आणि धुराड्याच्या विटांभोवतीचं गवत काळवंडलंय का ते बघा.